मुळांवरील गाठी : शेतातले नत्र शेतातच

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख असे दोन भाग लोकव्यवहारात पूर्वापार मानले जातात. घाटावरच्या चिखली तालुक्यात उंद्री हे गाव आहे. खरिपात सोयाबीन, त्यात तुरीची तासे, काही शेतांत कपाशी आणि रब्बीत हरभरा अशी या भागातील पिकांची आजची सर्वसाधारण रचना आहे. या चार पिकांपैकी तीन शेंगवर्गीय आहेत. ही गोष्ट कृषिदृष्ट्या मोठ्या मोलाची असूनही तिचा पुरता लाभ घेतला जातो असे म्हणवत नाही. शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवर राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, हे आपण शाळेत शिकलेले असतो. परंतु पेरणीच्या गडबडीत या जिवाणूंचे पाकीट हे खताच्या गोणीबरोबर फुकट वा सक्तीने मिळालेली एक वस्तू ठरते आणि बहुधा ओसरीच्या कोनाड्यात पडून राहते.

या उपेक्षेची किंमत किती, याचा हिशेब कोणासही करता येईल. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत साधारण सहावा हिस्सा नत्र असते. म्हणजे एक क्विंटल सोयाबीन बाजारात गेले की त्याबरोबर सव्वासहा किलोंच्या आसपास नत्र शेताबाहेर जाते. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर हा आकडा पन्नास किलोंवर पोहोचतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. तेव्हा पन्नास किलो नत्र युरियातून द्यावयाचे ठरविले तर ४५ किलोंच्या जवळजवळ अडीच गोण्या एकरी टाकाव्या लागतील. आणि टाकलेला सर्व युरिया पिकाच्या मुखी लागतो असेही नाही. प्रत्यक्षात सोयाबीनला एवढा युरिया कोणीच देत नाही, तरीही पीक येते. मग हे नत्र येते कोठून?

त्याचा काही भाग जमिनीतील साठ्यातून येतो आणि मोठा भाग मुळांवरील गाठींतून. गाठींनी आपले काम चोख केले तर सोयाबीन आपल्या गरजेच्या साधारण निम्मे किंवा त्याहून काही अधिक नत्र हवेतून मिळविते. गाठी दुबळ्या असतील तर तीच तूट जमिनीतून भरून निघते. म्हणजेच जमीन दरसाल थोडी थोडी रिती होत जाते. उभ्या पिकात हे डोळ्यांस दिसत नाही. म्हणूनच ते लक्षात यावयास उशीर लागतो.

बेवड आणि त्यामागील शास्त्र

शेंगवर्गीय पिकाचा गुण आपल्या शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. बेवड हा मराठी शब्द हे ज्ञान शतकानुशतके वागवीत आला आहे. तुरीचा बेवड पुढील ज्वारीस किंवा कपाशीस मानवतो, मूग-उडीद घेतलेल्या रानात पुढचे पीक जोमदार निघते, बोरू वा ताग गाडला की जमीन सुधारते, हे सारे अनुभवातून आलेले शहाणपण होते. ते का घडते, याचा उलगडा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला.

हेल्रिगेल आणि विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांनी निर्जंतुक केलेल्या वाळूत वाटाणा लावला; नत्र न मिळाल्याने तो खुरटला. दुसऱ्या कुंडीतील अशाच वाळूत शेतातील मातीचे पाणी घातले, तेव्हा मुळांवर गाठी आल्या आणि झाड हिरवेगार झाले. तेच मातीचे पाणी उकळून घातले असता गाठी आल्या नाहीत. उकळल्याने मरणारे असे काही सजीव मातीत असले पाहिजे, एवढा निष्कर्ष यातून निघाला. पुढे १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी गाठीतून तो जिवाणू वेगळा काढला. आपण ज्यास रायझोबियम म्हणतो, तो हाच. भारतात या जिवाणूंवरील पहिला अभ्यास एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला आणि १९५६ च्या सुमारास अशा जिवाणू खतांचे व्यापारी उत्पादन आपल्या देशात सुरू झाले. वाटाण्याचा हा प्रयोग कोणत्याही माध्यमिक शाळेत दोन कुंड्या, धुतलेली व भाजलेली वाळू आणि मूठभर माती एवढ्यावर करून पाहता येण्याजोगा आहे, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी.

गाठ तयार होते ती उभयपक्षी करारासारखी. कोवळ्या मुळातून काही द्रव्ये मातीत पाझरतात. त्या द्रव्यांची ओळख पटलेला जिवाणू उत्तरादाखल आपले द्रव्य सोडतो. मग मुळावरील केसासारखा तंतू वळतो, जिवाणू त्यातून आत शिरतो आणि त्याच्याभोवती मुळाच्या पेशी वाढून गाठ बनते. झाड आपल्या पानांत तयार झालेली साखर गाठीला पुरविते आणि त्या शिदोरीवर जिवाणू हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करून झाडास देतो. हवेत ७८ टक्के नत्र आहे. प्रत्येक एकरावरील हवेत ते हजारो टन भरेल. परंतु त्याचे अणू एकमेकांस इतके घट्ट जखडलेले असतात की, खत कारखान्यात ते सोडविण्यास चारशे अंशांहून अधिक उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू तेच काम मातीच्या साध्या तापमानात करतो. त्याचे साधन म्हणजे नायट्रोजिनेज नावाचे विकर. हे विकर प्राणवायूच्या संपर्काने निकामी होते. म्हणून झाड गाठीत आपल्या रक्तातील लाल द्रव्याशी नाते सांगणारे एक रंगद्रव्य तयार करते. ते प्राणवायूला धरून ठेवते आणि जिवाणूस श्वसनापुरताच देते. चालू गाठ कापली असता आतून गुलाबी किंवा लालसर दिसते, ती या रंगद्रव्यामुळे. शेतकऱ्याच्या हाती असलेली सर्वांत सोपी परीक्षा याच रंगावर उभी आहे. तिच्याकडे आपण पुढे येऊच.

झाड साखर देते ती गरज असेल तोवरच. मुळाशी आयते नत्र विपुल मिळाले तर झाड गाठी वाढविण्याचा खर्च करीत नाही. सोयाबीन पिवळसर दिसू लागताच युरियाची मूठ मारण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. तिने पीक चार दिवसांत हिरवे दिसते हे खरे. परंतु गाठींचे काम त्यामुळे मंदावते हेही तितकेच खरे. पेरणीच्या वेळी शिफारशीप्रमाणे दिलेला नत्राचा लहानसा हप्ता गाठी धरेपर्यंत रोपास पुरतो.

पाहुणे पीक, पाहुणा जिवाणू

प्रत्येक जिवाणूचे प्रत्येक पिकाशी जमत नाही. तूर, मूग, उडीद, चवळी यांस चालणारे जिवाणू आपल्या जमिनींत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेले आहेत. हरभऱ्याचा जिवाणू निराळा आणि सोयाबीनचा आणखी निराळा. सोयाबीन हे विदर्भात गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत पसरलेले पीक. ज्वारीची आणि मूग-उडदाची कितीतरी रानेच्या राने त्याने व्यापली. पीक आले, पण त्याचा सोबती येथील मातीत उपजत नव्हता. तो बियाण्याबरोबर पाकिटातून आणावा लागला.

या बाबतीत ब्राझीलचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. तेथील मातीतही सोयाबीनचा जिवाणू मुळात नव्हता. योहाना डोबेरायनर (१९२४–२०००) या संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंवर भर देण्याचा आग्रह धरला आणि त्या देशाने नत्रखतावर नव्हे तर जिवाणू संवर्धनावर विसंबून सोयाबीनचे क्षेत्र वाढविले. आज जगातील सर्वांत मोठ्या सोयाबीन उत्पादकांत गणला जाणारा तो देश या पिकास जवळजवळ नत्रखत देत नाही. आपली शेते लहान, पाऊस बेभरवशाचा आणि माती वेगळी, हे सर्व मान्य केले तरी मूळ तत्त्व तेच राहते.

पाकिटातील सजीव

येथे मुख्य मुद्दा येतो. युरियाची गोणी तीन वर्षे कोरड्या जागी ठेवली तरी तिच्यातील नत्र बहुतांशी जागेवर राहते. जिवाणूंचे पाकीट तसे नाही. त्यात सजीव आहेत, आणि सजीव मरतात. जिवाणू खतांचा समावेश २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशात झाला. त्यातील मानकाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप संवर्धनाच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. अडीचशे ग्रॅमचे पाकीट दहा किलो सोयाबीनला चोळले तर, दहा किलोत ऐंशी-नव्वद हजार दाणे धरता, प्रत्येक दाण्याच्या वाट्यास लाखावर जिवाणू येतात. दाणा रुजेपर्यंत आणि मूळ फुटेपर्यंत त्यांतील बहुसंख्य मरणार, हे गृहीत धरूनच ही संख्या ठरलेली आहे. तेच पाकीट आधीच उन्हाने भाजून त्यातील शंभरातला एकच जिवाणू उरला असेल, तर दाण्यावर जेमतेम हजार पडतील आणि मुळापर्यंत पोहोचतील ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पाकिटाचा रंग, वास, वजन यांत मात्र काडीचाही फरक पडलेला नसतो.

एका तालुक्याच्या गावी मे महिन्यात प्रस्तुत लेखकाने जिवाणू खतांची खोकी दुकानाच्या पत्र्याच्या पडवीत, थेट ऊन लागेल अशी रचलेली पाहिली. दुकानदारास विचारता, ‘माल सीलबंद आहे, काय होतंय त्याला?’ असे उत्तर मिळाले. त्याने फसवणूक केली असे नव्हे. ते खत आहे एवढेच त्याला ठाऊक होते, ते जिवंत आहे हे त्यास कोणी सांगितलेले नव्हते. विदर्भाचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि ही पाकिटे नेमकी त्याच दिवसांत कारखान्यातून निघून गावोगाव फिरतात. ‘जिवाणू खताचा काही उपयोग होत नाही’ हे जे मत पारावर ऐकू येते, त्याच्या मुळाशी असे पत्रे कितीतरी असतील.

म्हणून खरेदीच्या वेळी वेष्टनावर जिवाणूचे नाव, पिकाचे नाव, तुकडी क्रमांक, उत्पादनाची व वापराची अंतिम तारीख या गोष्टी वाचून घ्याव्यात आणि पक्की पावती घ्यावी. शासकीय योजनेतून वाटप होणार असेल तर माल केव्हा निघाला आणि मधल्या काळात कोठे ठेवला होता, हे विचारण्याचा अधिकार पंचायत सदस्यांनी अवश्य बजवावा. गावात आल्यावर तो पत्र्याखाली न ठेवता जाड भिंतींच्या थंड खोलीत ठेवावा. घरी आणलेली पाकिटे मातीच्या माठात ठेवून माठाभोवती ओले पोते गुंडाळले तरी पुष्कळ साधते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही जिवाणू खते तयार होतात. उंद्रीसारख्या गावातील शेतकरी गटांनी मागणी आधी नोंदवून पेरणीच्या तोंडावर एकत्रित माल आणला तर मधला उन्हाचा मुक्काम टळू शकतो. २०१८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशनची आखणी झाली, तेव्हा बुलढाण्याचा समावेश त्यात होता. त्यातून उभे राहिलेले गट या कामास उपयोगी पडावेत.

बीजप्रक्रियेची रीत कठीण नाही, पण क्रम चुकला तर सारे व्यर्थ जाते. बुरशीनाशक व कीटकनाशक लावावयाचे असेल ते आधी, ते सुकल्यावर शेवटी जिवाणू. तांबेयुक्त बुरशीनाशके या जिवाणूंना विशेष मारक असतात. बियाणे कंपनीकडूनच रंगवून आले असेल तर जिवाणू खताची मात्रा दुप्पट घ्यावी. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून ते पूर्ण थंड करावे. भुकटी त्यात कालवून बियाण्यास जेमतेम ओल येईल इतकेच द्रावण वापरावे. सोयाबीनची साल अत्यंत नाजूक असल्याने ज्वारीसारखे खसाखसा चोळू नये. ताडपत्रीवर पसरून हलक्या हाताने खालीवर करावे. नंतर सावलीत सुकवून त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर वाफशावर पेरावे. जिवाणू लावलेले बियाणे आणि रासायनिक खत एकाच चाड्यातून सोडू नये.

गाठ कापून पाहावी

पेरणीनंतर पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांनी, पीक फुलोऱ्यास येऊ लागले की मुळे पाहावीत. आपल्याकडे हा काळ नागपंचमीच्या मागेपुढे येतो. त्या दिवशी जमीन खणू नये हा रिवाज आहे, तो सांभाळून आदल्या किंवा नंतरच्या दिवशी शेतात जावे. रोप उपटू नये; उपटल्याने गाठी तुटून मातीतच राहतात आणि मुळे रिकामी दिसतात. खुरप्याने चहूबाजूंनी माती सैल करून ढेकळासह रोप काढावे आणि पाण्यात हलकेच बुडवून धुवावे. गाठी मुख्य मुळावर, देठाजवळ घोसाने असतील तर बियाण्यास लावलेल्या जिवाणूंनी काम केले असे समजावे. फक्त बाजूच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा जमिनीतील जुन्या जिवाणूंच्या असतात. मग नखाने गाठ फोडावी. आतून गुलाबी वा लालसर असेल तर ती चालू आहे. पांढरी असेल तर ती कोवळी आहे किंवा निरुपयोगी जिवाणूंची आहे. हिरवट वा तपकिरी झाली असेल तर तिचे काम संपले आहे. मुळावरच्या सर्वच फुगवट्यांना गाठी समजू नये. सूत्रकृमींच्या प्रादुर्भावाने मूळच जागोजाग सुजते. ती सूज मुळापासून सुटत नाही. जिवाणूंची गाठ बोटाने सहज सुटते.

ज्या रानात अनेक वर्षे सोयाबीन होत आले आहे, तेथे पूर्वी आलेले जिवाणू टिकून राहिलेले असू शकतात. अशा ठिकाणी नव्या पाकिटाने उताऱ्यात फारसा फरक दिसणार नाही, आणि हे शेतकऱ्यास आधीच सांगितलेले बरे. फरक ठळक दिसतो तो नव्याने सोयाबीनखाली आलेल्या किंवा मध्ये बरीच वर्षे दुसरी पिके घेतलेल्या जमिनीत. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात क्षारांमुळे जिवाणूंचे जीवन अवघड होते, तेथे प्रश्न आणखी निराळा आहे. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून राहिले तर गाठींचा श्वास कोंडतो. पावसाळ्यात रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरलेल्या शेतातील गाठी आणि सपाट पेरलेल्या शेतातील गाठी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

‘सोयाबीन घेतले की जमीन सुपीक होते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकातून आलेले अर्धसत्य आहे. हवेतून आलेले बहुतेक नत्र दाण्यात जाते आणि दाणा बाजारात जातो. कुटार शेतात परत गेले तर काही भाग मातीस मिळतो. कुटाराची गंजी पेटवून दिली तर तोही धुरात जातो. तुरीचे तसे नाही. ती महिनोन्‌महिने पाने गाळते आणि मुळे खोल सोडते. म्हणूनच तुरीच्या बेवडाची जी ख्याती आहे ती सोयाबीनला पुरतेपणी लाभलेली नाही. सोयाबीनमधील तुरीची तासे मोडून सलग सोयाबीन करण्याचा मोह ज्यांस होतो, त्यांनी हा हिशेब एकदा पाहावा.

मुळांच्या सान्निध्यात राहणारे इतरही उपकारक जिवाणू आहेत. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत दिलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाऊन अडकून बसते. काही जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून त्याचा काही भाग मोकळा करतात. म्हणून स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया रायझोबियमबरोबरच करण्याची शिफारस केली जाते. कपाशी, ज्वारी व गहू यांसाठी ॲझोटोबॅक्टर आणि ॲझोस्पिरिलम वापरतात. परंतु हे गाठी करीत नाहीत. त्यांना झाडाकडून साखरेची नेमणूक नाही, आणि ज्या मातीत सेंद्रिय कर्ब कमी तेथे ते उपाशी राहतात. त्यांच्याकडून सोयाबीनच्या गाठीइतक्या नत्राची अपेक्षा करणे योग्य नव्हे. शेणखत नसलेल्या शेतात त्यांची पाकिटे विकत घेण्यापूर्वी तोच पैसा उकिरड्याच्या व्यवस्थेवर खर्चावा असे आमचे मत आहे.

गावाच्या पातळीवर पडताळा पाहावयाचा असेल तर प्रत्येक शेतात चार तासे बिनप्रक्रियेची ठेवावीत. ती आधी पेरावीत, कारण प्रक्रिया केलेले बियाणे चाड्यातून एकदा गेले की त्याला चिकटलेले जिवाणू पुढच्या बियाण्यासही लागतात. ऑगस्टमध्ये शाळेतील आठवी-नववीच्या मुलांनी दोन्हीकडची दहा-दहा रोपे काढून मुख्य मुळावरील गाठी मोजाव्यात, फोडून रंग पाहावा आणि शेताचे नाव, पेरणीची तारीख, पाकिटाचा तुकडी क्रमांक यांसह वहीत नोंद करावी. कोणत्या तुकडीची पाकिटे गावभर निष्फळ ठरली, हे अशा नोंदीतून उघड होईल आणि कृषी सहायकास ते दाखविताही येईल. सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात हरभरा पेरताना हरभऱ्याच्या जिवाणूंचे वेगळे पाकीट घ्यावे लागते. सोयाबीनचे उरलेले चालत नाही. त्याच्या गाठी डिसेंबरात पाहाव्यात, त्याच वहीच्या पुढील पानावर.